आधी गळती शोधणारे, मग इंजिन उघडणारे गॅरेज

जुनी बुलेट म्हटली की ती तेल टाकणारच, असे गाडीचे मालकही म्हणतात आणि मिस्त्रीही. या एका समजुतीमुळे कितीतरी चांगली इंजिने वर्षानुवर्षे गळत राहतात, कारण तेल नेमके कुठून येते हे शोधण्याची तसदी कोणी घेत नाही. पॅकिंग बदलायचे, सिलिकॉन लावायचे आणि गाडी परत द्यायची, एवढ्यावर काम संपते. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरून आत वळल्यावर, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला एक लहान गॅरेज आहे, तिथे हा क्रम उलटा आहे. तिथे गळतीच्या तपासणीचे पैसे वेगळे घेतात, दुरुस्तीचे वेगळे, आणि गळतीची नेमकी जागा कळेपर्यंत इंजिनाचा एकही जोड उघडत नाहीत. माझ्या १९७४ च्या बुलेटचे काम मी तिथे करून घेतले. त्या कामाला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटून गेला आहे, त्यामुळे त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

गॅरेजला नावाची पाटी नाही. शटरवर रंगाने ‘बुलेट, येझदी, राजदूत’ एवढेच लिहिलेले आहे. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे असून सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मदतीला त्यांचा भाचा असतो, जो पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात कास्टिंगच्या तपासणीवर होता. या दोघांच्या कामाच्या पद्धतीत जी शिस्त दिसते, तिचा बराचसा भाग त्या कारखान्यातून आलेला असावा असे मला वाटते. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे अनेक लहानमोठे उद्योग या परिसरात उभे राहिले; लेथ, ग्राइंडिंग आणि मोजमापाची साधने हाताळणारी माणसे त्यामुळे या शहरात सहज मिळतात. जुन्या गाड्यांच्या कामाला त्याचा किती उपयोग होतो, हे इथे पाहायला मिळाले.

माझी गाडी कास्ट आयर्न इंजिनाची, ३४६ सीसीची. इंग्लंडमधील रेडिचच्या मूळ आराखड्यावरची ही गाडी १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि तिच्या इंजिनाची मांडणी पुढे अनेक दशके फारशी बदलली नाही. ती माझ्या थोरल्या काकांची. अंबाजोगाईला त्यांच्या वाड्यात बरीच वर्षे उभी होती. मी ती दुसऱ्या एका शहरात रिस्टोर करून घेतली. रंग, क्रोम, टाकीवरच्या सोनेरी रेषा, सीटचे शिवणकाम यांविषयी तक्रारीला जागा नव्हती, परंतु घरी आणल्यापासून इंजिनाखाली तेलाचा डाग पडू लागला आणि थोडा लांबचा प्रवास झाला की उजव्या बाजूचा सिलिंडर, टॅपेटचे (व्हॉल्व हलवणाऱ्या दांड्यांचे) झाकण आणि डावीकडचे चेनकेस (चेनचे आवरण) असे सगळे ओले होऊ लागले. ज्यांनी रिस्टोर केली त्यांनी एकदा, आणि नंतर इथल्या दोन ठिकाणी, पॅकिंगे बदलून झाली. दर वेळी जोडांतून बाहेर आलेल्या सिलिकॉनची रेघ आधीपेक्षा जाड होत गेली आणि गळती तशीच राहिली.

उस्तादांनी गाडी पाहण्याआधी प्रश्न विचारले. डाग गाडी उभी असताना पडतो की चालवून आल्यावर? रात्रभरात किती पडतो? गाडी साइड स्टँडवर लावता की मधल्या स्टँडवर? चालवताना मागच्या टायरवर तेलाचे शिंतोडे येतात का? तेल किती दिवसांनी टाकावे लागते आणि तेल मोजायची काडी कधी पाहता, गाडी सुरू करण्याआधी की बंद केल्यावर? यातला शेवटचा प्रश्न मला कोणत्याही मिस्त्रीने कधी विचारला नव्हता, आणि त्याचे महत्त्व मला पुढे कळले.

त्याचे कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. या बुलेटमध्ये तेलाची टाकी वेगळी लटकवलेली नसते. क्रँककेसच्याच (क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, ज्यात असतो त्या पेटीच्याच) कास्टिंगमध्ये मागच्या बाजूला तिचा कप्पा असतो. टायमिंग कव्हरमधील (इंजिनाच्या उजवीकडच्या झाकणातील) एक पंप त्या कप्प्यातून तेल आत ढकलतो आणि दुसरा पंप खाली जमलेले तेल ओढून परत कप्प्यात टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की झिजलेल्या पंपातून तेल हळूहळू झिरपत क्रँकच्या बाजूला उतरते. मग काडीवर तेल कमी दिसते, मालक वरून आणखी ओततो, आणि गाडी सुरू झाल्यावर उतरलेले तेल कप्प्यात परत आले की एकूण तेल गरजेपेक्षा जास्त भरते. ते जास्तीचे तेल वाट मिळेल तिथून बाहेर पडते, आणि आपण त्याला गळती म्हणून पॅकिंग बदलत बसतो. या गाडीचे तेल पाहायचे ते ती काही मिनिटे चालवून, बंद करून, सरळ उभी करून. माझ्या गाडीत उस्तादांनी आधी सम्पचा (इंजिनाच्या तळाचा) प्लग काढून किती तेल उतरले आहे ते मापात घेऊन पाहिले. ते अगदीच किरकोळ नव्हते, पण एवढ्यामुळे सगळे इंजिन ओले होईल इतके नक्कीच नव्हते. पंपाची झीज त्यांनी कागदावर लिहून ठेवली आणि पुढे गेले.

यानंतर धुण्याचे काम. डिझेल आणि ब्रश, मग साबणाचे पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा, आणि जोडांच्या कडांना जुन्या सुती कापडाने पुसून अगदी कोरडे करणे, यात सकाळचे दोन तास गेले. सिलिंडर गार ठेवणाऱ्या पंख्यांमध्ये (धातूच्या पाकळ्यांमध्ये) साचलेली काळी माती आणि तेल यांचा थर भाच्याने बांबूच्या काडीने काढला, कारण पत्र्याची पट्टी वापरली तर चरे पडतात. आपल्या भागात ही काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होऊन उडते आणि तेल लागलेल्या प्रत्येक जागी बसते. बहुतेक लोकांना तो थर म्हणजे गळतीचा पुरावा वाटतो. तेल कुठवर पोहोचले एवढेच त्या थरावरून कळते. ते निघाले कुठून, हे कळत नाही. चालत्या गाडीवर वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढते, त्यामुळे ज्या जागी थेंब लोंबतो ती जागा उगमापासून वीतभर मागे आणि तितकीच खाली असू शकते. ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधा, हा उस्तादांचा नियम आहे.

मग पावडर. आपण अंगाला लावतो तीच साधी पावडर पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून त्यांनी संपूर्ण इंजिनावर हलक्या हाताने झटकली. काळे इंजिन पांढरेफटक झाले. खाली पुठ्ठा अंथरला आणि पुठ्ठ्यावर पुढचे चाक, क्रँककेस, चेनकेस, गिअरबॉक्स यांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवल्या, म्हणजे थेंब पडला तर तो कशाखाली पडला हे नंतर वादाशिवाय कळेल. गाडी जागेवरच सुरू करून गरम होऊ दिली. हे काम ते सकाळी लवकर करतात, कारण मे महिन्याच्या दुपारी इथे पारा चाळीसच्या आसपास असतो, तेल पातळ होते आणि जिथे फक्त पाझर आहे तिथेही ओघळ दिसू लागतो.

जे दिसले ते मी इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या गॅरेजची खरी किंमत त्यातच आहे. उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी टॅपेटचे झाकण असते, जे एकाच नटावर बसते. आधीच्या तिन्ही ठिकाणी हेच झाकण दोषी ठरवून त्याचे पॅकिंग बदलले गेले होते. पावडर मारल्यावर त्या झाकणाची कड बराच वेळ पांढरीच राहिली. मग वरच्या बाजूला, जिथे टायमिंग कव्हरकडून आलेली तेलाची बारीक नळी रॉकरपाशी (व्हॉल्व दाबणाऱ्या भागापाशी) बॅन्जो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ बोल्टने, जोडलेली असते, तिथे एक केसाएवढी करडी रेघ उमटली. ती एका पंख्यावरून खालच्या पंख्यावर, तिथून त्याखालच्या, अशी उतरत आली आणि अखेर टॅपेटच्या झाकणावर येऊन थांबली. उस्तादांनी बोट न लावता नुसते दाखवले आणि म्हणाले, “सर, पावसाचे पाणी जिन्याखाली साचले म्हणून जिना फोडायचा नसतो, गच्ची बघायची.”

बोल्टखालचे तांब्याचे वॉशर जुनेच पुन्हा बसवलेले होते. तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होते. ते लाल होईपर्यंत तापवून निवू दिले तर पुन्हा मऊ होते आणि नीट बसते, नाहीतर नवीनच घालावे लागते. पूर्वीच्या कोणीतरी ते न करता बोल्ट जोरात आवळला होता, त्यामुळे आटेही थोडे ताणले गेले होते. त्या जागी आटे भरून घ्यावे लागले. ते काम जवळच्याच लेथवाल्याने स्वच्छ केले.

दुसरा शोध ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचा होता, आणि माझ्या मते गाडीचे मुख्य दुखणे तेच होते. या इंजिनात पिस्टन खाली येताना त्याच्या खालची जवळजवळ साडेतीनशे सीसी हवा दाबली जाते, आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर ही क्रिया सेकंदाला पन्नास वेळा होते. ती हवा बाहेर जाऊ देणारा आणि परत आत येऊ न देणारा रबरी व्हॉल्व ब्रीदरमध्ये असतो. माझ्या गाडीतले ते रबर उन्हाने आणि तेलाने कडक होऊन पूर्ण मिटत नव्हते आणि पूर्ण उघडतही नव्हते. उस्तादांनी ब्रीदरची नळी पाण्याच्या बाटलीत क्षणभर बुडवून दाखवली: बुडबुडे बाहेर येत होते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही नळीत वर ओढले जात होते, म्हणजे व्हॉल्व एकतर्फी काम करत नव्हता. पाणी वर चढू लागताच त्यांनी नळी लगेच बाहेर काढली, आणि ही चाचणी घरी करू नका, पाणी इंजिनात जाईल, असेही बजावले. आतला दाब असा कोंडला की जे जोड एरवी कोरडे राहिले असते तेही घाम फुटल्यासारखे ओलावतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तरी हेच होते. म्हणून त्यांनी कॉम्प्रेशन तपासले, ते व्यवस्थित निघाले. नवा व्हॉल्व बसवल्यानंतर, दुसरे काहीही न करता, गाडी पुन्हा पावडर मारून चालवली, तेव्हा रॉकर कव्हरच्या कडेची ओल आपोआप नाहीशी झाली. ते कव्हर उघडण्याची गरजच राहिली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग पुन्हा पाहायचे, हा संयम मी दुसऱ्या कोणत्याही गॅरेजमध्ये पाहिलेला नाही.

डावीकडची बाजू अधिक किचकट होती. प्रायमरी चेनचे (इंजिनापासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या चेनचे) बाहेरचे झाकण या गाडीत मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते आणि कडेने खाचेत रबरी रिंग असते. गळती दिसली की लोक तो नट आणखी आवळतात. झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने मध्ये दबते आणि कडेला उचलते, म्हणजे आवळावे तितके जास्त गळते. माझे झाकण जाड काचेवर ठेवून पाहिले तेव्हा खालच्या कडेला पातळ पाते सहज आत जात होते. काचेवर पॉलिश पेपर अंथरून, झाकण आठच्या आकड्यासारखे फिरवत ते सपाट करण्याचे काम भाच्याने केले. त्याआधी मात्र चेनकेसमधील तेल काढून मोजण्यात आले, आणि हे मोजणे अत्यावश्यक असते. तिथे चारशे मिलीच्या आसपास तेल असायला हवे. मोजल्यावर ते कमी भरले, म्हणजे ते बाहेर जात होते. जास्त भरले असते तर क्रँकच्या डाव्या बाजूचे ऑइल सील फुटून इंजिनाचे तेल चेनकेसमध्ये येत आहे असा अर्थ झाला असता, आणि मग झाकण कितीही सपाट केले तरी उपयोग नव्हता. खात्रीसाठी त्यांनी ब्रीदरच्या जागेतून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली, दाब दोन-तीन पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) वर जाऊ दिला नाही, आणि सीलवर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही. कॉम्प्रेसर यासाठी ते वापरत नाहीत, कारण जास्त दाबाने चांगले सीलही जागेवरून उडते.

क्रँककेसला बारीक तडा असल्याची शंका मला रिस्टोर करणाऱ्यांनीच घालून दिली होती. ती फेडण्यासाठी भाच्याने कास्टिंगच्या तपासणीतला लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर वापरला: रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरा थर द्यायचा, तडा असेल तर त्यातला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. काहीही उमटले नाही. नवीन क्रँककेस शोधण्याचा माझा मोठा खर्च त्यामुळे वाचला. शेवटच्या चाचणीत तेलात रंगद्रव्य टाकून, शटर खाली ओढून, निळ्या-जांभळ्या टॉर्चने पाहतात. तिथे हिरवट चमक दिसली तर गळती शिल्लक आहे असे समजायचे. ही युक्ती उपयोगाची असली तरी माझ्या कामात तिने पावडरीपेक्षा वेगळे काही सांगितले नाही, आणि उजेडात तर ती निरुपयोगीच आहे.

टायमिंग कव्हर उघडल्यावर आतून सिलिकॉनचे तुकडे निघाले, त्यांतले काही पंपाच्या जाळीवर अडकलेले. सिलिकॉनविरुद्ध उस्तादांचे म्हणणे एवढेच आहे की ते पॅकिंगची जागा घेऊ शकत नाही. जोडातून बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही असते, आणि आतला तुकडा सुटून तेलाच्या मार्गात अडकला तर बिग एंडला (क्रँकवरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला) तेल मिळत नाही. गळती ही दिसणारी गोष्ट आहे, पण बिग एंड सुकल्याचे कळते ते इंजिन ठोकू लागल्यावर. रिस्टोरेशनचे काम देणाऱ्या प्रत्येकाने रंगाचा नमुना पाहतो तितक्याच काळजीने जोडांच्या कडा पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

काम झाल्यावर गाडी दौलताबादवरून घाट चढून खुलताबादला आणि पुढे वेरूळला नेऊन आणली. उस्ताद स्वतः मागे दुसऱ्या गाडीवर होते. चढावर इंजिन तापते, उतारावर थ्रॉटल बंद केल्यावर आतला दाब बदलतो, आणि जागेवर चालवून न दिसलेले दोष अशा रस्त्यावर दिसतात. परत आल्यावर उजवी बाजू पूर्ण कोरडी होती, चेनकेसही कोरडे. गिअरबॉक्सच्या मागच्या स्प्रॉकेटपाशी मात्र घट्ट, मधासारखे काहीतरी जमलेले दिसले. ते गिअरबॉक्सचे ग्रीस, हे त्याच्या रंगावरून आणि वासावरून लगेच ओळखता येते. इंजिनाचे तेल काळे आणि पातळ असते.

इथे या गॅरेजची मर्यादा सांगायला हवी. या गाडीत असतो त्या जुन्या ब्रिटिश अल्बियन पद्धतीच्या गिअरबॉक्सचे काम ते घेत नाहीत. आतला बुश आणि शाफ्ट झिजले असतील तर सील बदलूनही गळती थांबत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. काम अर्धवट घेऊन पैसे घेण्यापेक्षा हे बरे, पण ज्यांना सगळी गाडी एकाच ठिकाणी करून हवी आहे त्यांची गैरसोय होते. पंपाची झीजही सध्या तशीच ठेवली आहे. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवत राहा, असा सल्ला मिळाला. इतरही उणिवा आहेत. छापील पावती मिळत नाही. वहीच्या पानावर लिहून देतात, ते पान मात्र फार नेटके असते, प्रत्येक जागेपुढे ‘ओली’, ‘कोरडी’, ‘पुन्हा पाहणे’ असे लिहिलेले. फोन सहसा उचलत नाहीत. दिलेली तारीख पाळतीलच असे नाही, आणि सुटे भाग बाहेरून मागवावे लागले तर वाट पाहावी लागते. हलक्या प्रतीची पॅकिंगे ते नाकारतात, त्यामुळेही वेळ जातो. याबद्दल माझी तक्रार नाही.

तपासणीचे मला सहाशे रुपये पडले आणि ते आधीच घेतले. दुरुस्ती तिथेच केली तर ही रक्कम बिलातून वजा होते. न केली तर वहीचे पान घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता. आटे भरणे, वॉशर, ब्रीदरचा व्हॉल्व, चेनकेसची रिंग, टायमिंग कव्हरची सफाई आणि ताजे २०डब्ल्यू५० तेल धरून एकूण खर्च, आधीच्या तीन निष्फळ फेऱ्यांत गेलेल्या पैशांपेक्षा कमी झाला. बुलेट, येझदी किंवा राजदूत यांपैकी कोणतीही जुनी गाडी असो, नेण्यापूर्वी ती धुऊ नका आणि तेलही बदलू नका. डाग कसा पडतो ते त्यांना आहे तसे पाहायचे असते. शक्य असल्यास आदल्या रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि तो पुठ्ठा सोबत घेऊन जा. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर त्याच दिवशी पाहून होते, उशीर झाला तर उन्हामुळे काम दुसऱ्या दिवसावर जाते. शुक्रवारी गॅरेज बंद असते.